ख्रिसमस ट्रीचं खोड विकायचंय? आधी करवत थांबवा

नाशिकच्या देवळाली कॅम्पात माझ्या मामांच्या बंगल्यापुढे ख्रिसमस ट्रीचं एक उंच झाड होतं. एका मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं ते मुळासकट आडवं झालं. नशिबानं घरावर पडलं नाही, कुंपणावर पडलं. दुसऱ्या दिवशी झाड तोडणारे आले. "काका, दोन तासांत अंगण मोकळं करून देतो," म्हणाले आणि खरोखरच दिलं. आम्ही जेवून हात धुईपर्यंत चाळीस फुटी खोडाचे दीड-दीड फुटांचे ठोकळे झाले होते. मामांनी तोडणीचे पैसे मोजले, वर लाकूडही तेच घेऊन गेले. आठवड्याभरानं अंबडला पॅकिंगच्या पेट्या बनवणाऱ्या एकाकडे मी सहज विषय काढला, तर तो म्हणाला, "सव्वाचार फुटी तुकडे असते तर गाडी मीच पाठवली असती की!"

त्यानंतर गंगापूर रोडला एक आणि नाशिकरोडला दोन, अशी आणखी तीन झाडं आडवी झाल्यावर मला बोलावणं आलं. तिन्ही वेळा मी आधी एकच काम केलं: करवतवाल्या दादांना चहा दिला आणि थांबवलं. अशा खोडाची किंमत लाकडापेक्षा लांबीत जास्त असते आणि ती लांबी पहिल्या तासातच जाते. तोडणाऱ्याचा यात दोष नाही. त्याला टेम्पोत हातानं चढवता येतील असे तुकडे हवे असतात. तुम्हाला काय हवंय ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी झाड कोणतं ते बघा

आपल्याकडे टोकदार, हिरवंगार, उभट काहीही दिसलं की लोक त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. गिऱ्हाईक शोधायला निघताना हे चालत नाही.

बंगल्यांच्या आवारात दिसतं ते बहुतेक वेळा अरोकेरिया. फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्यानं गोल फुटलेल्या आणि डहाळ्या खवल्याखवल्यांच्या, दोरीसारख्या. नर्सरीत त्याला नॉरफोक पाइन म्हणून विकतात, पण भारतात लावलेली बरीचशी झाडं प्रत्यक्षात त्याची जवळची बहीण, म्हणजे न्यू कॅलेडोनियाची कुक पाइन असतात. कॅप्टन कुकनं १७७४ मध्ये ती पाहिली, म्हणून हे नाव. लाकडाच्या दृष्टीनं दोघी सारख्याच: फिकट, हलकं, मऊ, सरळ रेषांचं लाकूड.

सुरू मात्र अरोकेरियासारखी सूचिपर्णी नव्हे, दिसायला कितीही तशी वाटली तरी. तिची 'सुई' हातात घेऊन ओढा, पेरापेरावर तुटते. द्राक्षबागांच्या बांधाला वारा अडवायला लावलेली असते ती हीच. सुरूचं लाकूड जड आणि जळायला उत्तम, त्यामुळे तिला बल्ली (टेक्याचा खांब) म्हणून किंवा सरपण म्हणून लगेच गिऱ्हाईक मिळतं. तुमचं झाड सुरूचं निघालं तर या लेखाचा अर्धा भाग सोडून द्या आणि थेट वखारीत जा. सिल्व्हर ओकचं पान नेच्यासारखं कातरलेलं आणि मागून चंदेरी असतं. तोही सूचिपर्णी नाही आणि त्याचं लाकूड प्लायवूडवाले घेतात. मोरपंखीचं खोड क्वचितच मांडीएवढं होतं. त्याला बाजार शोधण्यात वेळ घालवू नका, बागेत वापरा. खऱ्या पाइनची सुई दोन-तीनच्या जुडग्यात येते. हे झाड नाशिकच्या उन्हात फारसं टिकत नाही, तरी हौसेनं लावलेली एखाददुसरी सापडतात.

इथून पुढे मी मुख्यतः अरोकेरियाबद्दल बोलतोय.

कागद आधी, करवत नंतर

महानगरपालिका हद्दीत झाडाला हात लावायचा तर १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू होतो. झाड तुमच्या कुंपणात असलं, तुम्ही स्वतः लावलेलं असलं तरीही. अर्ज उद्यान विभागाकडे करायचा. देवळाली कॅम्पात राहत असाल तर छावणी परिषदेकडे विचारा. झाड वाऱ्यानं आपोआप पडलेलं असेल तरी गप्प बसू नका. पडलेल्या अवस्थेतले फोटो काढा. मुळांचा गड्डा उघडा पडलेला, शेजारी घर किंवा कुंपण दिसेल असे चार-पाच फोटो पुरेत. मग त्याच दिवशी उद्यान विभागाला लेखी कळवून पोच घ्या. हे फोटो पुढे तीन ठिकाणी उपयोगी पडतात: पालिकेत, सॉ मिलवर आणि शेजाऱ्यांपुढे. तपोवनातली झाडं तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस शहरात जे रान पेटलं, त्यानंतर करवतीचा आवाज आला की गल्लीतले लोक गॅलरीत येतात. यायलाच हवं. तुम्ही फक्त कागद हातात ठेवा.

झाड पन्नास वर्षांहून जुनं असेल तर ते २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्षात मोडतं आणि प्रक्रिया जास्त कडक होते. शरणपूर रोड, देवळाली या भागांत जुन्या आवारांतली झाडं सहज या वयाची असतात. रस्त्याच्या कडेचं झाड असेल तर खोड तुमचं नाहीच, ते पालिकेचं. विकायचा विचार सोडा. सोसायटीच्या आवारातलं असेल तर समितीचा ठराव घ्या. नाहीतर खोड विकून आलेल्या पैशांपेक्षा वार्षिक सभेतली भांडणं महाग पडतात.

वाहतुकीचा विषय वेगळा. लाकूड गाडीत घालून नेण्यावर वनखात्याचं नियंत्रण असतं. काही जातींना वाहतूक परवाना लागतो, काहींना सूट असते. आपल्या झाडाचं नाव आणि फोटो घेऊन वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जा आणि 'याला टीपी लागते का' एवढंच विचारा. टीपी म्हणजे तोच वाहतूक परवाना. डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी एक ऑनलाइन वाहतूक परवाना प्रणालीही सुरू झाली आहे. सूट असलेल्या जातींसाठी तिथून ना हरकत पत्र काढता येतं. हा उपद्व्याप नको म्हणून रात्री टेम्पो काढण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. ऐकू नका. सॉ मिलला परवाना असतो आणि आलेल्या मालाची नोंद ठेवावी लागते. जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशांपासून मिलवाल्यांवर बारीक नजर आहे. बिनकागदाचं लाकूड शहाणा मिलवाला दारातच उभं करत नाही.

आणखी एक. पडलेल्या झाडाला विजेची तार लागली असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा आणि लाइनमन येईपर्यंत लांब राहा. पडलेलं खोड फांद्यांवर टेकून ताणलेलं असतं, मुळांचा गड्डा अर्धा हवेत असतो. वजन कमी झालं की बुंधा एकदम परत उभा राहतो. हे काम घरच्या पोरांचं नव्हे.

मोजमाप: घेर, लांबी आणि वखारीचं गणित

टेलरची टेप घ्या. फांद्या उतरवल्यावर पण खोड अखंड असताना मोजा. बुंध्याशी घेर, मधोमध घेर, शेंड्याकडे घेर आणि एकूण सरळ लांबी. वखारीत हिशोब मधल्या घेराचा होतो: घेर इंचात, त्याचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. उत्तर घनफुटांत.

समजा मधला घेर ४८ इंच आणि लांबी १० फूट. ४८ चा पाव १२, वर्ग १४४, गुणिले १०, भागिले १४४. म्हणजे १० घनफूट. आता कॉलेजात शिकलेलं सूत्र लावलंत तर तुमचं उत्तर पावणेतेरा घनफुटांच्या जवळ येईल आणि वखारवाल्यानं फसवलं असं वाटेल. त्यानं फसवलेलं नाही. चौथाईच्या घेराची ही पद्धत जुन्या काळापासून मुद्दाम शेकडा एकवीस-बावीस कमी मोजते, कारण गोल ओंडका चौकोनी करताना साल आणि कडा वाया जातात. फक्त भाव ठरवताना 'कोणत्या मापानं' हे स्पष्ट करून घ्या. वजनावर सौदा करायचा असेल तर लक्षात ठेवा, ओलं खोड निम्मं पाणीच असतं. वरच्या उदाहरणातला दहा फुटी ओंडका ताजा असताना तीनशे किलोंच्या पुढे भरतो. सरपणाचा भाव किलोवर, फळीचा घनफुटावर. ओलं लाकूड किलोवर विकलंत तर आज फायदा तुमचा, महिन्यानं विकलंत तर नाही.

मोजताना झाड कुठल्या दिशेला झुकलं होतं तेही लिहून ठेवा. याचं कारण मला फार आवडतं. कुक पाइन जगात कुठेही लावली तरी विषुववृत्ताकडे झुकते. २०१७ साली पाच खंडांतली २५६ झाडं मोजून संशोधकांनी हे दाखवलं. सरासरी झुकाव साडेआठ अंशांच्या आसपास निघाला. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला, साधारण २० अंशांवर आहे. तेव्हा आपल्याकडचं झाड दक्षिणेकडे कललेलं दिसलं तर नवल नाही. आता व्यवहाराची गोष्ट: सूचिपर्णी झाड कललं की कललेल्या बाजूच्या पोटात वेगळंच लाकूड तयार करतं. गडद, जड, ठिसूळ, आणि वाळताना लांबीत आकसणारं. त्या बाजूची फळी धनुष्यासारखी वाकते. कापलेल्या तोंडावर गाभा मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेला दिसला, तर जाड वाढलेली बाजू हीच. तिच्यावर खडूनं फुली मारा. तो भाग सरपणाला किंवा बागेला ठेवा, फळीसाठी विकू नका. विकलात तर घेणारा दुसऱ्यांदा फोन उचलणार नाही.

गिऱ्हाईक कोण?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळे इथेच चुकतात. नवा माणूस पहिल्यांदा फर्निचरवाल्याकडे जातो आणि हिरमुसून परत येतो. नाशिकच्या सुताराच्या मनात लाकूड म्हणजे सागवान. जुन्या नाशकातला वाडा उतरवला की त्याचे सागवानी तुळया-खांब हातोहात जातात, शंभर वर्षांचे असले तरी. तुमच्या पांढऱ्या, मऊ खोडाकडे तो सुतार 'हे काय आणलंत' अशा नजरेनं पाहणार. पाइनचं फर्निचर तो करतो, पण ते लाकूड बहुधा परदेशातून कांडल्याला उतरून गांधीधामच्या मिलमध्ये चिरलेलं, वाळवलेलं येतं. तुमचा एक ओंडका त्याच्या कामाचा नाही.

पहिला फोन पॅकिंगवाल्यांना करा. सातपूर, अंबड, सिन्नर या औद्योगिक पट्ट्यांत यंत्रं, सुटे भाग, स्विचगियर यांच्यासाठी लाकडी पेट्या आणि पॅलेट लागतात. त्यांना दिसणं महत्त्वाचं नाही. हलकं, खिळा सहज बसणारं, न फाटणारं लाकूड हवं. प्रचलित पॅलेटची लांबी १२०० मिलिमीटर, म्हणजे चार फुटांना किंचित कमी. म्हणून ओंडका सव्वाचार फुटी ठेवायचा. तीन इंच टोकांच्या भेगांसाठी. फोनवर सांगताना 'ख्रिसमस ट्रीचं लाकूड आहे' असं म्हणू नका, समोरचा हसतो. 'पांढरं मऊ लाकूड, पाइनसारखं, मधला घेर एवढा, सव्वाचार फुटी आठ नग' असं सांगा. द्राक्षांच्या किंवा यंत्रांच्या निर्यातीची पॅलेट असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवून त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का मारावा लागतो. ते काम बनवणाऱ्याचं, तुमचं नाही. पण त्याच्याकडे भट्टीची सोय नसेल तर तो तुमचा माल देशांतर्गत पेट्यांनाच वापरेल आणि भाव त्याप्रमाणे सांगेल.

दुसरे सेंट्रिंगवाले. स्लॅबखाली लागणाऱ्या फळ्यांना आठ-दहा फूट लांबी लागते आणि दोन-चार वापरांत त्या संपतात. तुमच्याकडे तेवढी सरळ लांबी असेल तर ती तोडून पॅकिंगला देण्यापेक्षा इथे द्या. टेक्याची बल्ली म्हणून शेंड्याकडचा बारीक भागही जातो, पण गाठींच्या गोल कड्यापाशी तो मोडू शकतो हे त्यांना सांगा.

तिसरं गिऱ्हाईक सगळ्यांत कमी प्रमाणात घेतं आणि सगळ्यांत चांगला भाव देतं: लेथवर वाडगी, दिवे, फुलदाण्या कातणारे. अरोकेरियाच्या फांद्या एकाच पातळीवर गोल फुटतात, त्यामुळे त्या जागी खोड आडवं कापलं की आत गाठींचा तारा दिसतो. त्या गाठी गडद, टणक असतात आणि कडेनं पातळ कातलेलं पांढरं लाकूड तेल मुरवलं की दिव्यापुढे अर्धपारदर्शक दिसतं. हवाईमध्ये रॉन केंट नावाच्या कारागिरानं अशाच वाडग्यांवर नाव कमावलं. नाशिकमध्ये असे हौशी लोक थोडे, पुण्या-मुंबईत जास्त; कुरियरनं ठोकळे मागवतात. त्यांच्यासाठी गाठींचं कडं मधोमध येईल असा फूट-दीड फुटाचा तुकडा ठेवायचा. म्हणजे मामांच्या अंगणात जे दीड फुटी तुकडे झाले तेच, पण जागा बघून कापलेले! तिथले सगळे गाठीच्या बरोबर अंगावरून गेले होते. करवत जिथे टेकली तिथे दादांनी चालवली, दुसरं काय.

आणि एक गंमत. पावसाळ्यात झाकून ठेवलेला ओंडका दोन-तीन महिन्यांत बुरशीनं आतून निळसर-काळ्या रेषांचा होतो. पॅकिंगवाल्याला तो डाग वाटतो, कातणाऱ्याला नक्षी. एकच दोष, दोन भाव.

चौथे, फार्महाउस, होमस्टे, वायनरीच्या आसपासची रिसॉर्टं. गंगापूर धरणाच्या बाजूला, त्र्यंबक रस्त्याला बसायला ओंडके, पायवाटेला चकत्या, टेबलाला जाड फळी अशी मागणी असते. हे लोक पैसे देतात, पण उन्हापावसात ठेवणार असतात. अरोकेरिया उघड्यावर टिकत नाही. जमिनीला टेकला की वाळवी आणि कूज. हे आधी सांगा. न सांगितल्यास पुढच्या पावसानंतर तुमच्या नावानं शिमगा.

सरपण आणि बॉयलरसाठी भुशाचा पांढरा कोळसा (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) करणारे हे शेवटचे. कच्चा माल म्हणून ते काहीही घेतात आणि भावही तसाच देतात. मऊ लाकूड भरभर पेटतं, भरभर विझतं, ओलं असेल तर धुरानं डोळे काढतं. बेकरीवाल्यानं नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

विकायचंच नसेल तर? शाळेच्या आवारात आडवा ठेवलेला अखंड बुंधा ही पोरांची घोडागाडी असते. चित्रकला महाविद्यालयांत शिल्पाच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी मऊ ठोकळे हवे असतात; नेण्याची सोय तेच करतात, फक्त परीक्षेच्या दिवसांत फोन करू नका.

मग कापा

गिऱ्हाईक ठरलं, लांब्या ठरल्या, आता खडू घेऊन खोडावर खुणा करा. बुंध्याकडून सुरुवात. सगळ्यांत लांब हवे ते तुकडे आधी, जाड आणि सरळ भागातून. दोन गाठकड्यांमधलं स्वच्छ अंतर कुठे मोठं आहे ते बघा. मग मधले, आणि शेवटी शेंडा. करवतवाल्याशी मजुरी ठरवताना 'लाकूड तुमचं, मजुरी कमी' हा सौदा सहसा पुढे येतो. वाईट नाही, पण आधी दोन्ही रकमा वेगवेगळ्या विचारा: लाकूड ठेवून मजुरी किती, लाकूड नेऊन किती. दोन्हींतला फरक म्हणजे त्याच्या लेखी तुमच्या लाकडाची किंमत. तुम्हाला बाहेर त्याहून जास्त मिळत नसेल तर देऊन टाका आणि झोपा.

कापल्या कापल्या, त्याच दिवशी, दोन्ही टोकांना उरलेला ऑइल पेंट किंवा वितळवलेलं मेण फासा. खोड टोकांतून पाणी फार वेगानं सोडतं आणि मेच्या उन्हात दोन दिवसांत भेगा हातभर आत जातात. मग ओंडके विटांवर, सावलीत, जमिनीपासून वर. ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नका, आत वाफ धरते. पावसाळा तोंडावर असेल तर पंधरा दिवसांच्या आत मिलवर न्यायचंच, नाहीतर निळा डाग पडतो. डागानं मजबुती फारशी जात नाही, पण भाव जातो.

सॉ मिलवाल्याची भीती

गंगापूर रोडचं खोड घेऊन गेलो तेव्हा मिलवाले शेठ ओंडक्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "घरातलं झाड ना? मग यात खिळे असणार. ब्लेड गेलं तर कोण भरणार?" त्यांचं बरोबर होतं. नाताळची माळ, दिवाळीचा आकाशकंदील, कपड्यांची दोरी, निवडणुकीचा फलक, कुत्र्याची साखळी, सगळ्यांसाठी त्या झाडाला वीस वर्षं खिळे ठोकले गेले होते. झाड खिळा गिळतं आणि वरून काही दिसत नाही. म्हणून नेण्याआधी बुंध्याचा खालचा सहा फूट भाग तपासा. सालीवर काळसर निळा ओघळ दिसला तर आत लोखंड आहे. हातात धरायचा धातुशोधक कुणा इलेक्ट्रिशियनकडे किंवा सुरक्षा एजन्सीत मिळतो. अर्ध्या तासासाठी मागून आणा. सापडलेल्या जागी लाल खूण करून तो भाग कापून काढा. मिलवर पोचल्यावर शेठना स्वतःहून सांगा, 'तपासलंय, तरी ब्लेड गेलं तर खर्च माझा.' हे वाक्य ऐकल्यावर चिरणावळ कमी होत नाही, पण नंबर लागतो.

छोट्या हत्तीचा, म्हणजे छोट्या टेम्पोचा, हौदा सात फुटांच्या आसपास असतो. त्याहून लांब ओंडके असतील तर मोठा टेम्पो आणि चढवायला हायड्रा क्रेन लागते, आणि हायड्राचं भाडं ओंडक्याच्या भावाला गिळून टाकतं. म्हणून दहा फुटी माल द्यायचा तर घेणाऱ्यानं उचल त्याच्याकडे घ्यावी, असंच ठरवा. चिरून फळ्या किती निघतील? मोजलेल्या घनफुटांच्या निम्म्याला धरून चाला. बुंधा सरळ असेल तर जरा जास्त. शेठना सांगा, फळी एक इंचाऐवजी सव्वा इंच काढा. वाळताना आणि रंध्यात उरलेलं जातं.

स्वतः ठेवायचं ठरवलंत तर

चिरल्या दिवशीच फळ्या रचायच्या. खाली विटा, वर फळ्यांचा थर, दर दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या आडव्या पट्ट्या, मग पुढचा थर. पट्ट्या एकाखाली एक याव्यात, नाहीतर फळी लाटेसारखी होते. माथ्यावर दगड ठेवा, वर पत्रा, बाजू मोकळ्या. ओल्या फळ्यांना बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं गरम पाण्यातलं द्रावण, दीडास एक या प्रमाणात, हातमोजे घालून ब्रशनं लावा. वाळवी आणि भुंगा दोघेही दूर राहतात. हे पावसानं धुऊन जातं, तेव्हा घरातल्या वस्तूंपुरतंच.

नाशिकची हवा ऑक्टोबर ते मे या काळात लाकूड वाळवायला उत्तम. इंचाची फळी दोन-तीन महिन्यांत तयार होते. ओळखायचं कसं? एक फळी खूण करून दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. दोन-तीन आठवडे वजन उतरायचं थांबलं की झालं. जून ते सप्टेंबर तोलत बसू नका, निराशा होईल.

त्यातून काय करायचं? कपाटातले कप्पे, पुस्तकांचं शेल्फ, गणपतीचं मखर, पक्ष्यांची घरटी. जेवणाचं टेबल नको. नखानंही ओरखडा उठतो.

सौदा

भाव ठरवायला सोपी युक्ती: आधी गिऱ्हाईक बनून दोन दुकानांत चिरलेल्या, वाळलेल्या पाइनचा घनफुटाचा भाव विचारा. त्यातून चिरणावळ, वाहतूक, वाळवणीचा वेळ आणि निम्मी घट वजा करा. उरेल त्याच्या आसपास ओंडक्याचा भाव निघतो आणि तो ऐकून घरचे म्हणतात, 'एवढ्यासाठी इतकं केलंस?' गंगापूर रोडच्या खोडातून मजुरी सुटली आणि वर एका बऱ्यापैकी जेवणाचे पैसे आले. नाशिकरोडच्या पहिल्या खोडातून मजुरीही सुटली नाही, कारण बुंधा आतून पोकळ होता. तो ठोकून आवाज ऐकला असता तर आधीच कळलं असतं. भरीव खोड टणटणतं, पोकळ ढबढबतं.

पैसे गाडी भरायच्या आधी घ्या. नग, लांबी, मधला घेर कागदावर लिहून दोघांच्या सह्या, आणि परवानगीची झेरॉक्स गाडीवाल्याच्या हातात. मूळ प्रत देऊ नका.

फांद्या आणि डहाळ्या राहतात, त्यांचा ढीग खोडापेक्षा मोठा दिसतो. खवल्यांची पानं कुजायला वर्ष घेतात. खताच्या खड्ड्यात टाकायची तर बारीक करून, ओल्या कचऱ्यात मिसळून. त्यापेक्षा भुगा करून झाडांच्या बुडाशी चार बोटांचा थर द्या, उन्हाळ्यात पाणी वाचतं. माती आंबट होईल म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकून घ्या आणि थर द्या. मिलवरचा कोरडा भुसा आणि रंध्याचा कीस पोल्ट्रीवाले पिल्लांखाली अंथरायला घेऊन जातात, पोती मात्र तुमची.

परवानगीपत्रात बदली झाडं लावायची अट असते. २०२१ पासून ती संख्या तोडलेल्या झाडाच्या वयाएवढी धरतात, म्हणून अर्जात वय अंदाजपंचे फुगवून लिहू नका. अनामत भरली असेल तर रोपं लावल्याचे तारखेसह फोटो ठेवा. मामांनी त्या खड्ड्यात बकुळ लावली, कुंपणापासून बारा फूट आत.